‘मी जात पाहत नाही’ म्हणणाऱ्या बाईंना

पत्र

ताई, स. न. वि. वि.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळते. शाळा पहिली ते सातवी. वर्गात २७ मुलं. त्यांत मातंग आणि बौद्ध मिळून नऊ, मुसलमानांची चार, गावाबाहेरच्या पारध्यांच्या पालावरचा एक मुलगा, बाकी मराठा, धनगर आणि इतर. मी कधीच जात पाहत नाही, सगळ्यांना सारखंच वागवते. तरी मागे राहतात ती हीच मुलं. एक मुलगी अभ्यासात कच्ची आहे पण कामाला फार चांगली. वर्ग इतका सुबक झाडते की बघत राहावं. पारध्याचा मुलगा तोंडच उघडत नाही. ऊसतोडीला जाणारी मुलं दिवाळीनंतर गायब होतात ती उन्हाळ्यात उगवतात, तोवर सगळं विसरलेलं असतं. मुसलमान मुली सातवीनंतर शिकत नाहीत, त्यांच्या घरच्यांनाच आवड नसावी. या मुलांसाठी जादा तास घ्यायची माझी तयारी आहे, पण नेमकं काय करू?

आणखी एक. जूनपासून खिचडी शिजवायला नवी मदतनीस लागली आहे, मातंग समाजाची. तेव्हापासून सात-आठ मुलं ‘पोट दुखतंय’ म्हणतात आणि घरचा डबा खातात. मुख्याध्यापक म्हणतात, लक्ष देऊ नका, उगीच भानगड नको. कृपया नाव छापू नये.

— एक शिक्षिका

उत्तर

बाई,

तुमचं ‘आणखी एक’ मी आधी घेते. पत्रातली सगळ्यात जड गोष्ट बहुधा अशीच शेवटी, जाता जाता येते.

सात-आठ मुलांचं पोट एकदम, तेही नेमकं जेवणाच्या सुट्टीत दुखतं, हे दुखणं काही डॉक्टरचं नाही. नऊ वर्षांच्या पोराला ही सबब स्वतःहून सुचत नसते, घरून सांगून पाठवलेलं असतं. म्हणून मुलांवर चिडू नका. पण लक्ष द्यायलाच हवं, आणि याच आठवड्यात. कारण ती नऊ मुलं रोज दुपारी बघताहेत की आपल्या वाड्यातल्या मावशीनं रांधलेलं अन्न शेजारच्या पोराला चालत नाही. त्यातलं एखादं तिचं पोटचंही असेल. संध्याकाळी तुम्ही कितीही जादा तास घ्या, दुपारचा हा धडा त्यांना आधी पाठ होणार.

कायदा तुमच्या बाजूला आहे, तो माहीत असू द्या. शाळेत शिजवलेलं जेवण मिळालंच पाहिजे हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ चा. त्याच खटल्यात एप्रिल २००४ मध्ये न्यायालयानं आणखी सांगितलं की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य द्यावं. म्हणजे तुमच्या शाळेत ती बाई चुलीपुढे आहे ती कुणाच्या मेहेरबानीनं नाही. आणि शिक्षण हक्क कायद्यानं दुर्बल व वंचित गटातल्या मुलाशी शाळेत भेदभाव होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी थेट स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे तुमच्या जिल्हा परिषदेवर टाकली आहे. मुख्याध्यापक ज्याला भानगड म्हणतात ते त्यांचं नेमून दिलेलं काम आहे.

पण उद्याच कायद्याचं पुस्तक घेऊन वर्गात जाऊ नका. शाळेत चव नोंदवही असते ना? रोज कुणी शिक्षकानं वाढण्याआधी चव घ्यायची आणि सही करायची. बहुतेक ठिकाणी ती सही टेबलावर बसूनच होते, पातेल्यापर्यंत कुणी जात नाही. तुम्ही जा. सगळ्यांसमोर ताटात घ्या आणि मग मुलांच्या ओळीत, खाली पट्टीवर बसून पोटभर जेवा. एक घास चाखून उठायचं नाही, रोज जेवायचं. तुम्ही ‘त्यांच्यातल्या’ नाही हे गावाला माहीत आहे, पत्रावरून मलाही कळलं; इथे त्याचा उपयोग आहे. तुम्ही जेवलात ही बातमी शाळा सुटायच्या आत घराघरांत पोचते.

डब्याला बंदी घालू नका. डबा घेऊन वेगळं बसायला बंदी घाला. पंगत तुम्ही लावा, वाडा-वस्तीप्रमाणे आपोआप बसणाऱ्या मैत्रांच्या जोड्या मोडून. डबा आणलेलं मूलही त्याच ओळीत बसेल. पंधरा दिवसांत दोघं-तिघं खिचडी मागतील. गरम खिचडीपुढे डब्यातली गार भाकरी फार दिवस टिकत नाही.

मग पालकांकडे जा, एकट्या नको, सरपंच किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या वजनदार माणसाला सोबत घ्या. वाद घालू नका. ‘तिला काढा’ अशी मागणी आली तर शांतपणे म्हणा, लेखी द्या, मी वर पाठवते. असं कुणी लेखी देत नाही, कारण काय लिहायचं ते त्यालाही कळतं. आणि प्रकरण थेट त्या कुटुंबाला वाळीत टाकण्यापर्यंत गेलं, तर अनुसूचित जाती-जमातींवर सामाजिक बहिष्कार टाकणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, एवढं एक वाक्य सरपंचाच्या कानावर घालून ठेवा. तोवर गटशिक्षणाधिकाऱ्यांना एक साधं टिपण, तारीख घालून, जाऊ द्या. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.

एक चूक मात्र होऊ देऊ नका: ‘वाद नको’ म्हणून त्या बाईला भांडी घासायला लावायची आणि शिजवायला दुसरी आणायची. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या सुखीढांग गावी २०२१ च्या डिसेंबरात हेच झालं. सवर्ण मुलं जेवेनात म्हणून दलित स्वयंपाकिणीला काढलं, कारण नेमणुकीतल्या तांत्रिक त्रुटीचं दाखवलं. मग दलित मुलांनी नव्या स्वयंपाकिणीच्या हातचं खायला नकार दिला. देशभर बोभाटा झाल्यावर पहिलीला परत घ्यावं लागलं. मधल्या मध्ये काय शिकायचं ते पोरं शिकून गेली.

आपल्याकडे तर हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सुटलेला होता, निदान एका छपराखाली. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, हातानं रांधत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली गांधीजींनी त्याला शाहूंचं नाव दिलं. मुख्याध्यापक बहुधा भाऊरावांची जयंती साजरी करत असतील.

आता ती झाडणारी मुलगी. पत्रातलं ते वाक्य तुम्ही कौतुकानं लिहिलंय, म्हणूनच सांगते. ती वर्ग सुबक झाडते कारण घरी केरसुण्या बांधतात, किंवा तिची आई-आजी कुणाच्या तरी अंगणात झाडलोट करत आली आहे. तिच्या हाताला ते वळण शाळेत येण्याआधीच लागलं. शाळेनं तिला दुसरं वळण लावायचं, तर आपण तिथेही केरसुणीच हातात देतो आणि वर शाबासकी देतो. आणि शाबासकीसाठी पोरं काहीही करतात. वाचनात तिला कधी शाबासकी मिळाली नाही, इथे मिळते, मग ती रोज दहा मिनिटं लवकर येऊन झाडणारच. तिला हे काम करू नको म्हणून एकदम सांगू नका, तिला वाटेल काही चुकलं. झाडण्याच्या पाळ्या लावा, फळ्याशेजारी तक्ता चिकटवा, मुलगे-मुली सगळे, पाटलांचं पोरगंसुद्धा, आणि एक वार स्वतःचा ठेवा. तिच्याकडे वेगळी जबाबदारी द्या: हजेरी मोजून फळ्यावर पट लिहायचा, किंवा ग्रंथपेटीची किल्ली सांभाळायची. किल्लीला मान असतो, मुलांना तो बरोबर कळतो.

तुम्ही ‘जात पाहत नाही’ याबद्दल मला शंका नाही. तुमचं मन स्वच्छ आहे, पत्रभर दिसतं. पण तुम्ही पाहत नाही म्हणून वर्गातून ती जात नाही. कुणी कुठं बसायचं, कुणी कुणाची बाटली तोंडाला लावायची, पाण्याचा जग कुणी भरून आणायचा, हे तुमच्या पाठीमागे ठरलेलं असतं. तुम्ही सगळ्यांना सारखं विचारता, पण हात वर करायचा धीर सारखा वाटलेला नाही. म्हणून एक काम करा. आठवडाभर हजेरीपटाची एक झेरॉक्स टेबलावर ठेवा. ज्याला प्रश्न विचारला, ज्याला फळ्यापाशी बोलावलं, ज्याची वही हातात घेऊन पाहिली, त्याच्या नावापुढे रेघ. ज्याला चहा आणायला, केर काढायला, निरोप द्यायला पाठवलं, त्याच्यापुढे फुली. ज्याच्यावर आवाज चढवला त्याच्यापुढे टिंब. कुणाला दाखवू नका. शनिवारी एकट्यानं बघा. रेघा पुढच्या दोन बाकांपुढे आणि फुल्या मागच्या ओळीपुढे जमलेल्या दिसल्या, तर सोमवारपासून काय करायचं ते मला सांगावं लागणार नाही.

हे मी हवेतून बोलत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञ बाईंनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात कुणालाच सांगितली नाही तेव्हा खालच्या मानलेल्या जातींची मुलं वरच्यांच्या बरोबरीनं कोडी सोडवत होती. मग सुरुवातीलाच प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर पुकारली. तीच कोडी, पण खालच्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तिथल्या तिथे कमी झाली नव्हती. आपल्याकडून काय अपेक्षा आहे ते मुलांनी ऐकलं होतं.

आता सांगा, तुमच्या शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज कसे भरतात? मी पाहिलेल्या किती शाळांत गुरुजी दारातून आत न येताच म्हणतात, ‘एससी-एसटीवाले उभे राहा!’ उभं राहिलेलं पोर खाली मान घालून उभं असतं, बसलेलं पोर त्याच्याकडे बघून हसतं, आणि मधल्या सुट्टीत ‘फुकट्या’ ऐकू येतं. दरवर्षी नियमानं आपण तो प्रयोग करतो, कोडी तेवढी देत नाही. यापुढे यादी वर्गात वाचायची नाही. पालकांना निरोप द्या, शाळा सुटल्यावर किंवा घरी जाऊन कागद घ्या.

शिष्यवृत्तीचं थोडं तपशिलात लिहिते, कारण ‘या लोकांना सगळं मिळतं’ असं स्टाफरूममध्ये ऐकू येत असेल. अनुसूचित जातीच्या मुलींना पाचवीपासून सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. तुमच्या शाळेत पाचवी ते सातवी आहे, तेव्हा तिथल्या अशा प्रत्येक मुलीचा अर्ज गेला आहे का ते पाहा. केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीसाठी. पण ज्यांचे आई-बाप सफाईची, कातडी कमावण्याची अशी कामं करतात त्यांना ती पहिलीपासून आहे आणि उत्पन्नाची अट नाही. ही तरतूद निम्म्या शाळांना ठाऊकच नसते. मुसलमान मुलांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती केंद्रानं २०२२ मध्ये बंद केली, आठवीपर्यंत शिक्षण मोफतच आहे असं सांगून. वही, चप्पल, सहलीचे पैसे मोफत कुठे मिळतात ते मात्र सांगितलं नाही. तेव्हा तुमच्या वर्गातल्या त्या चौघांना तिथून आज काही मिळत नाही. आठवीत गेल्यावर सगळ्या जाती-धर्मांच्या मुलांसाठी एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं; पास झालं आणि यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. तिची तयारी सातवीपासूनच करून घ्यावी लागते, तेव्हा सातवीच्या गुरुजींच्या मागे लागा.

आणि पैसे अडतात ते बहुधा शाळेच्याच रजिस्टरात. जनरल रजिस्टरात नाव एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं. ‘मांग’, ‘मातंग’, ‘हिंदू मांग’, ‘बौद्ध’, ‘नवबौद्ध’, ज्या गुरुजींनी प्रवेश दिला त्यांना सुचलं तसं लिहिलेलं. उद्या जातीचा दाखला काढताना अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० आधीचा, जमातीला ६ सप्टेंबर १९५० आधीचा पुरावा मागतात, तेव्हा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीपासून साखळी जुळवावी लागते, आणि तिचं शेवटचं टोक तुमच्या शाळेतली ही नोंद. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती मुख्याध्यापकांच्या प्रस्तावानं होते. दाखला घेऊन ते बाहेर पडलं की बाप मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालतो. पुढच्या महिन्यात एक दुपार रजिस्टर उघडून बसा आणि तुमच्या वर्गाच्या २७ नोंदी तपासा. सगळ्यांच्याच तपासा, नाहीतर ‘यांच्याच का’ हा प्रश्न येतो.

पारध्याच्या मुलाचं मौन मला कळतं. पारध्यांची घरची बोली निराळी, गुजरातीच्या अंगानं जाणारी. पहिल्या दिवसापासून तो परक्या भाषेत बसलाय आणि आपण समजतो की मठ्ठ आहे. आणि दुसरं असं की वर्गात कंपास हरवला तर पहिलं दप्तर कुणाचं उघडलं जातं? रागावू नका, विचारावं लागतं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो रद्द झाला, पण गावात चोरी झाली की जीप अजून पालावरच जाते. त्या पोरानं पोलीस पाहिलाय, मास्तर नंतर. तुमचा आवाज चढला की तो कुठं पाहत असेल?

त्याला मराठी शिकवण्याआधी त्याच्याकडून दोन शब्द घ्या. पाणी, भाकरी, ससा, तितर यांना घरी काय म्हणतात ते विचारा आणि देवनागरीत फळ्यावर लिहा, वर्गाला म्हणायला लावा. तितर कसा धरतात हे त्याच्याइतकं त्या वर्गात कुणालाच माहीत नाही, तुम्हालाही नाही. तो सांगेल ते चार वाक्यांत, त्याच्याच शब्दांत, लिहून घ्या. तेच त्याचं पहिलं वाचन. जे आपण बोललो ते कागदावर उमटलं आणि उद्या पुन्हा वाचता आलं, ही जादू ‘कमळ-बदक’नं होत नाही. मुसलमान मुलांच्या दखनीला आणि मातंग वस्तीतल्या ‘व्हतं-न्हवतं’ला हाच न्याय लावा. बोलताना ‘अशुद्ध बोलू नको’ हे वाक्य वर्षभर तोंडातून काढायचं नाही. पुस्तकी भाषा लिहिताना येते, तीही वाचून-वाचून. जो बोलायचाच थांबला त्याला लिहायला काय शिकवणार?

जादा तास जरूर घ्या, पण ‘या मुलांसाठी’ नका घेऊ. शाळा सुटल्यावर मातंगवाड्यातली तेवढी पोरं मागे थांबली की ती शिक्षा दिसते. त्याऐवजी शाळेच्या वेळेतच रोज पाऊण तास वाचनाचे गट करा. चौथीच्या प्रत्येक मुलाला दुसरीच्या पुस्तकातला उतारा एकेकट्यानं वाचायला द्या. कोण अक्षरावर अडकतं, कोण शब्दावर, कोण घडाघडा वाचतं पण अर्थ सांगत नाही, हे एका सकाळीत कळतं. मराठ्यांची, धनगरांचीही चार-पाच मुलं अडखळणाऱ्यांत निघतील, पैज लावते. गट पातळीवर करा, महिन्यानं पुन्हा वाचून घ्या आणि मुलं हलवा. कुणी वर्षभर एकाच गटात राहिलं तर तो गट राहत नाही, तो नवा वाडा होतो.

जयंत्यांबद्दल एक सांगायचंच आहे. १ ऑगस्टला अण्णाभाऊंवर भाषण कुणी केलं हो? मातंग मुलानं. १४ एप्रिलला आंबेडकरांवर बौद्ध मुलगा, ३ जानेवारीला सावित्रीबाई म्हणून माळ्याची मुलगी साडी नेसून. शिवजयंतीला कोण, ते विचारत नाही. महापुरुषांची आपण वाटणी करून टाकली आहे. यंदा शिवजयंतीचं भाषण शेखांच्या पोराला द्या, आंबेडकरांवर पाटलांच्या मुलीला बोलू द्या. आणि त्या झाडणाऱ्या मुलीला मुक्ता साळवेची गोष्ट सांगा. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजाची मुलगी, वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळेत येऊन तीनच वर्षं झाली असतील-नसतील. मोठ्यांच्या तसबिरींपेक्षा आपल्याएवढ्या मुलीची गोष्ट मुलांना लवकर भिडते. सगळ्या वर्गासमोर सांगा, तिच्याकडे न बघता.

मुसलमान मुलींच्या घरच्यांना आवड नाही, हे तुमचं अनुमान मला पटलेलं नाही. आवड नसती तर मुली सातवीपर्यंत आल्या नसत्या. आठवी कुठल्या गावाला आहे? किती लांब? एसटी किती वाजता? वाटेत काय आहे? हे चार प्रश्न त्यांच्या आयांना विचारा, आवडीचा प्रश्न आपोआप मिटेल. गावातल्या मराठ्यांच्या मुली भावाच्या गाडीवर जातात, यांच्या घरी गाडी नाही, एवढंच पुष्कळदा असतं. मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे. तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल तर मुलींसाठी निळी बस आणि आठवीपासून सायकल मिळते. चार-पाच जणी एकत्र जाणार असतील तर घरचे सोडतात, म्हणून जातपात न बघता सातवीतल्या सगळ्या मुलींच्या आयांना एका दिवशी बोलवा आणि घोळका तिथेच ठरवा. आणि त्यांच्याशी पहिल्यांदा बोलायला लग्नाचं वय हा विषय काढू नका. पुढे बोलता येतं.

राहता राहिली ऊसतोड. याला घाई आहे, कारण मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घरात आली की मुलांचं काय हा विचार करायला उशीर झालेला असतो. कोयता जोडप्याचा असतो, म्हणजे नवरा-बायको मिळून मजुरीचं एकच माप. मागे सांभाळणारं कुणी नसलं की पोरं बैलगाडीत, ट्रॅक्टरवर चढतात, आणि अकरा-बारा वर्षांची मुलगी तर मुद्दाम नेतात, धाकट्याला धरायला आणि भाकऱ्या थापायला. गावात हंगामी वसतिगृह चालवता येतं. मुलं आजीकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात आणि जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. त्यासाठी कुणाची किती मुलं मागे राहणार याची यादी आणि प्रस्ताव तालुक्याला वेळेत जावा लागतो. तोंडी सांगून भागत नाही. दसऱ्याआधी वस्तीवर जाऊन यादी करा. आजी नसेल तिथे शेजारीण चालेल का ते विचारा. जी मुलं तरीही जातील त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड (इथे कुठवर शिकलं ते तिकडच्या शाळेला दाखवायचं) द्या आणि कारखाना कुठला, टोळी कुठे उतरणार ते मुकादमाकडून लिहून घ्या. तिकडच्या शाळेनं ‘दाखला आणा’ म्हणून परत पाठवायचं नसतं, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही असं शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम सांगतं. तिकडच्या मुख्याध्यापकांना तुम्हीच एक फोन केलात तर कलम काढायची वेळ येणार नाही. मुलं परत आली की त्यांना ‘पाहुणे आले’ असं म्हणू नका. कारखान्यावर वजनकाटा, टनाचा भाव, मुकादमाचा हिशेब त्यांनी पाहिलेला असतो. गणित तिथून सुरू करा.

आता हे सगळं ज्यांच्या नावानं करायचं ती शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. तुमच्या समितीत मातंगवाड्यातलं कोण आहे? पालावरचं कोण? असेल तर एखादं नाव असेल आणि सही घरी जाऊन घेतलेली असेल. बैठक सकाळी अकराला ठेवली की रोजंदारीवरची बाई येणार कशी? तिचा दिवस बुडतो. बैठक संध्याकाळी सातला घ्या, शाळेत दिवा लावून, आणि विषय एकच ठेवा, हंगामी वसतिगृह. स्वयंपाकाच्या बाईंनाही बोलवा, कारण संध्याकाळचं जेवण कोण रांधणार हे तिथेच ठरायचंय. मुख्याध्यापक कुरकुर करतील की रात्री शाळा उघडायची कुणी. किल्ली तुम्ही मागून घ्या.